'दमले' आणि 'गळून गेले'

ल्युपस या आजारातील थकव्याचा मेंदूत माग काढणाऱ्या एका संशोधनात मी २०२३ च्या नोव्हेंबरात सहभागी झाले आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच कागदावर माझी लेखणी थांबली. समोर तेरा विधानांची प्रश्नावली होती. गेल्या सात दिवसांत आपण कितपत थकलो, अंगात अशक्तपणा कितपत जाणवला, थकव्यामुळे एखादे काम सुरू करणे जड गेले का, सुरू केलेले काम तडीस नेणे जड गेले का, अशा प्रत्येक विधानापुढे शून्य ते चार यांपैकी एका आकड्याभोवती वर्तुळ करायचे होते. इंग्रजी मला परके नाही; इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणे हाच माझा व्यवसाय आहे. मात्र त्याच सवयीमुळे मी प्रत्येक विधान मनात मराठीत आणून पाहत होते, आणि मराठीत येताच एका शब्दाचे चार शब्द होत होते.

आपल्याकडे माणूस शेतातून येतो तेव्हा दमलेला असतो. दमणूक ही कष्टाची असते; पाणी प्यायले, दोन घास खाल्ले, रात्रभर झोप लागली की ती उतरते. शीण प्रवासाचा किंवा जागरणाचा असतो आणि तो चेहऱ्यावर दिसतो. मरगळ मनाला येते, कधी हवेलाही येते. गळून जाणे हे मात्र या सगळ्यांहून वेगळे आहे. मोठा ताप येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस पलंगाच्या कडेवर बसून राहतो, समोरचा तांब्या उचलायचा आहे हे त्याला कळत असते, तहानही लागलेली असते, पण हात पुढे होत नाही; त्याला आपण 'गळून गेला' म्हणतो. मला ल्युपसमध्ये जे होते ते हे आहे, आणि ते ताप नसताना होते. हे सर्व मी समोर बसलेल्या संशोधिकेला जमेल तसे इंग्रजीत सांगितले. तिने ते घाईने बाजूला सारले नाही. ताप येऊन गेल्यानंतरची अवस्था मी पुन्हा एकदा सविस्तर सांगावी, अशी तिने मला विनंती केली आणि ती लिहून घेऊ लागली. असे का, हे मला तासाभराने कळले.

थोडे मागे जाऊन सांगायला हवे. मला ल्युपस असल्याचे निदान २००९ साली पुण्यात झाले, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती या आजारात शरीरावरच उलटते. दर दहा रुग्णांपैकी नऊ बायका असतात. माझे सांधे सुजत, उन्हात गेले की दोन्ही गालांवर लाल चट्टा उठे, लघवीतून प्रथिने जाऊ लागली होती. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि काही काळ दिलेली स्टेरॉइड्स यांनी हे सारे हळूहळू आटोक्यात आले. थकवा तेवढा आटोक्यात आला नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे, ते उत्तम निघायचे, आणि डॉक्टर फाइल मिटत म्हणायचे, "रिपोर्ट चांगले आहेत, आता जरा मन रमवा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी आजही मानते, पण त्या वाक्यानंतर घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहण्याचे जे दिवस मी काढले, त्यांचा हिशोब कोणत्याही रिपोर्टात नव्हता. सासूबाईंना वाटे की मी कामे टाळते. काही वर्षांनी मलाही तसेच वाटू लागले, आणि ते अधिक वाईट होते.

पुढे यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही मँचेस्टरला आलो. तेथील ल्युपसच्या बाह्यरुग्ण विभागात एका परिचारिकेने मला एक माहितीपत्रक दिले. ल्युपस शांत असतानाही थकवा का टिकतो, तो मेंदूच्या कोणत्या व्यवहारातून निर्माण होतो, हे शोधण्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत, असे त्यात लिहिले होते. मी ते पत्रक उभ्याउभ्याच वाचले. कोणीतरी हा प्रश्न खरा मानून त्यासाठी यंत्रे, माणसे आणि पैसा उभा केला आहे, एवढ्यानेच माझा होकार ठरला होता.

होकार दिला म्हणजे लगेच घेतले, असे नसते. प्रथम फोनवर सुमारे अर्धा तास प्रश्न झाले. हृदयात पेसमेकर, शरीरात धातूचा तुकडा, बंद जागेची भीती हे प्रश्न मेंदूच्या एमआरआय स्कॅनसाठी होते. बाकीचे प्रश्न थकव्याची इतर कारणे वगळण्यासाठी होते: हिमोग्लोबिन कमी आहे का, थायरॉइडचा विकार आहे का, स्टेरॉइडचा सध्याचा डोस किती, झोपेत घोरून जाग येते का, नैराश्याचे उपचार चालू आहेत का. यांतील प्रत्येक गोष्ट माणसाला एकटीच थकवू शकते. ल्युपसच्या रुग्णांत त्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की ज्या थकव्याला यांपैकी कशाचेही बोट लावता येत नाही, तो वेगळा काढणे हेच या संशोधनातील निम्मे कष्ट आहेत, असे संशोधिका म्हणाली. मला ते पटले, कारण माझ्या बाबतीत ही एकेक कारणे तपासून फेटाळण्यात दहा वर्षे गेली होती.

पहिल्या भेटीत संमतिपत्र, रक्ताच्या चार नळ्या आणि प्रश्नावल्यांचा गठ्ठा. थकव्याची तीव्रता मोजणारी नऊ विधानांची आणखी एक प्रश्नावली त्यात होती. ती १९८९ साली अमेरिकेत तयार झाली तेव्हा मल्टिपल स्क्लेरोसिस आणि ल्युपस याच दोन आजारांच्या रुग्णांवर पारखली गेली होती, हे ऐकून मला भरून आले. म्हणजे मी शाळेत होते तेव्हापासून हा थकवा कोणीतरी मोजत होते, आणि पुण्यातल्या त्या फाइलपर्यंत ते पोहोचायचे होते.

गठ्ठा संपल्यावर चहा आला, आणि माझ्या 'गळून जाण्या'विषयी तिला इतके कुतूहल का वाटले, हे तिने एका कोऱ्या कागदावर आकृती काढून समजावले. विषाणूचा संसर्ग झाला की शरीरातील पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडतात. त्यांचा शोध १९५७ साली लंडनमध्ये लागला. फ्लूमध्ये अंग मोडून येते, जेवण नको होते, कोपऱ्यात पडून राहावेसे वाटते, त्यात या प्रथिनांचा मोठा वाटा असतो. आजारी जनावरही असेच गोठ्याच्या कोपऱ्यात बसून राहते; लढाई चालू असताना बाकीचा खर्च थांबवा, असा तो प्रतिकारशक्तीने मेंदूला धाडलेला निरोप असतो. संसर्ग संपतो आणि निरोप थांबतो. ल्युपसच्या अनेक रुग्णांच्या रक्तात मात्र संसर्ग नसतानाही इंटरफेरॉनच्या खुणा चढ्याच राहतात. ताप नसलेला ताप, असे मी जे म्हणत होते, ते तिच्या आकृतीत जवळजवळ तसेच्या तसे बसत होते.

याला पुरावा काय, असे मी विचारले. तिने हेपॅटायटिस सीच्या रुग्णांचे उदाहरण दिले. नवी औषधे येण्यापूर्वी त्यांना इंटरफेरॉनची इंजेक्शने देत, आणि त्यांतील पुष्कळ जण धडधाकटपणे आत येऊन काही आठवड्यांत माझ्यासारखे गळून जात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राइटन येथील एका अभ्यासात अशा रुग्णांचे एमआरआय पहिल्या इंजेक्शनआधी आणि त्यानंतर चार तासांनी काढले होते. मेंदूच्या खोल भागात स्ट्रायटम नावाची रचना आहे. हालचाल सुरू करणे आणि एखादी गोष्ट करण्याजोगी वाटणे, या दोन्हींत तिचा सहभाग असतो. तेथे चार तासांत ज्यांच्यात अधिक बदल दिसला, त्यांना पुढे अधिक थकवा आला. मी तो कागद हातात धरून बराच वेळ पाहत होते. चार तास! मला तर चौदा वर्षे झाली होती.

ल्युपसमध्ये इंटरफेरॉन हा एकच संशयित आहे, असे मात्र कोणी समजू नये. न्यूयॉर्कजवळ काम करणाऱ्या संशोधिका बेटी डायमंड यांच्या गटाने २००१ साली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत दाखवले की ल्युपसमधील काही प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिने, डीएनएला चिकटतात तशीच चेतापेशींवरील एनएमडीए ग्राहींनाही, म्हणजे निरोप झेलणाऱ्या रचनांनाही, चिकटू शकतात, आणि रक्त व मेंदू यांच्यातील भिंत कोठे सैल झाली तर ती आत जाऊन पेशींना इजा करू शकतात. २०१७ साली बोस्टनच्या संशोधकांनी ल्युपस झालेल्या उंदरांत पाहिले की इंटरफेरॉनमुळे मेंदूतील मायक्रोग्लिया या राखणदार पेशी चेतापेशींमधील जोडण्याच खाऊ लागतात, आणि इंटरफेरॉनचा ग्राही औषधाने अडवला तर त्या जोडण्या वाचतात. उंदराला थकवा आला का, हे त्याला विचारता येत नाही. म्हणून माणसे हवी असतात, असे ती म्हणाली, आणि त्यानंतर मला स्वयंसेवक या शब्दाचे वजन जाणवले.

स्कॅनचा दिवस दोन आठवड्यांनी आला. दारापाशीच अंगावरचा सगळा धातू उतरवायचा होता. बांगड्या, कानातले काढले. मंगळसूत्र काढताना हात क्षणभर अडखळला. तेथील तंत्रज्ञ बाईंनी ते जाणले आणि छोटी कापडी पिशवी पुढे करून म्हणाल्या, "किल्ली तुमच्याच हाती राहील." यंत्र तीन टेस्लाचे होते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे साठ हजार पट. मला आडवे झोपवून डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी चौकट बसवली, तिच्यावर छोटा आरसा, आरशात मागच्या पडद्यावरची अक्षरे. कानात बोळे, त्यावर आवाज अडवणारे हेडफोन, एका हातात बटणे आणि दुसऱ्यात धोक्याचा रबरी फुगा. काम करणाऱ्या मेंदूच्या भागाकडे प्राणवायूने भरलेले रक्त अधिक धावते. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण निरनिराळे असतात, आणि यंत्र तो फरक दर दोन-तीन सेकंदांनी टिपते. विचार दिसत नाहीत, रक्ताची ये-जा दिसते, हे तिने मला आधीच बजावले होते.

तो पहिला स्कॅन वाया गेला. खोली यंत्रासाठी थंड ठेवलेली असते, आणि ल्युपसच्या अनेक रुग्णांप्रमाणे मलाही थंडीत बोटांतील रक्तवाहिन्या आवळून येण्याचा त्रास आहे. वीस मिनिटांत माझी बोटे आधी पांढरी, मग निळसर झाली. नाडी मोजण्यासाठी तर्जनीला लावलेल्या चिमट्याला नाडीच मिळेना; त्याचा इशारा वारंवार वाजू लागला. मी दातावर दात आवळून स्थिर राहिले, निदान मला तसे वाटले. पण अंगाला सूक्ष्म कापरे भरले होते आणि डोके एक-दोन मिलिमीटर जरी हलत राहिले तरी चित्रे बिघडतात. संशोधिकेने संगणकावर हालचालींचा आलेख पाहिला आणि खाली मान घालून सांगितले की हे वापरता येणार नाही. खोलीच्या थंडीचा विचार आपण आधीच करायला हवा होता, असेही ती म्हणाली. मी त्या दिवशी तीन तास घालवले होते आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढणार होते. मला रडू आले. तरी तिने चूक माझ्यावर ढकलली नाही, याचे मोल मला फार वाटले.

दुसऱ्या वेळी मी लोकरीचे हातमोजे आणि मोजे घालून गेले, त्यांनी दोन गरम पांघरुणे दिली, आणि चिमटा पायाच्या अंगठ्याला लावला. या वेळी सगळे पार पडले.

पहिले काम बेरजेचे होते. हेडफोनमधून दर तीन सेकंदांनी एक आकडा ऐकू येई. नवा आकडा आधीच्या आकड्यात मिळवायचा आणि बेरीज दहा आली की बटण दाबायचे. मघाची बेरीज विसरून फक्त मघाचा आकडा धरून ठेवायचा, यातच सगळी कसोटी असते. आवाज इंग्रजी, बेरीज मात्र मनात मराठीतच होत होती: सात नि चार अकरा, चार नि सहा दहा, बटण. पहिली काही मिनिटे ठीक गेली. नंतर आकडे पाण्याखालून आल्यासारखे येऊ लागले. मी हुकत होते असे नाही, पण जे उत्तर आपोआप समोर येत होते ते आता ओढून आणावे लागत होते. हा अनुभव मला रोजचा आहे. दुपारी तीननंतर अनुवाद करताना प्रत्येक शब्द असाच ओढून आणावा लागतो. उत्तरे बरोबर येत असतानाही रुग्णाचा मेंदू त्यासाठी अधिक राबतो का, हे त्यांना पाहायचे होते.

दुसरे काम मुठीचे होते, आणि त्याने मला अधिक शिकवले. उजव्या हातात प्लॅस्टिकचा दांडा दिला. आधी तो सर्व ताकदीने दाबून माझा कमाल जोर मोजला. त्यानंतर पडद्यावर एकेक सौदा येई: कमाल जोराच्या चाळीस टक्के जोर लावाल तर दहा पेन्स, ऐंशी टक्के लावाल तर तीस. हो किंवा नाही म्हणायचे, आणि काही सौदे खरोखर पार पाडायचे. रक्कम क्षुल्लक असते. या उत्तरांवरून माणसाचा मेंदू कष्टाची किंमत काय लावतो, हे गणिताने काढता येते. सुरुवातीला मी धडाधड हो म्हणत होते. अर्ध्या वाटेपासून 'नाही' वाढले. एक गोष्ट मला तेथे, त्या नळीत पडल्यापडल्या, आयुष्यात प्रथमच स्वच्छ दिसली: 'नाही' येत होते ते हात दुखण्यापूर्वी. हाताला विचारण्याची वेळच येत नव्हती. शेवटी पुन्हा सर्व ताकदीने दांडा दाबायला सांगितले, आणि आकडा सुरुवातीच्या आकड्यापासून फारसा खाली गेलेला नव्हता.

सांगलीला माझ्या आजोबांच्या हळदीच्या अडत दुकानात एक दिवाणजी होते. तिजोरीत पैसा असो वा नसो, कोणी खर्च सांगितला की त्यांचे पहिले उत्तर नकाराचे असे, आणि त्यांच्या सहीवाचून दमडी हलत नसे. माझ्या स्नायूंत बळ होते. सही होत नव्हती. आळशी माणसालाही सही करायची नसते, असे कोणी म्हणेल. पण मला दांडा दाबायचा होता, मनापासून दाबायचा होता, आणि तरीही सही होत नव्हती. चौदा वर्षांत मी स्वतःला जे बोल लावले होते त्यांपैकी बरेच त्या क्षणी गळून पडले. संशोधिकेने मात्र मला सावध केले: एका व्यक्तीच्या एका दिवसाच्या आकड्यांवरून काहीही सिद्ध होत नाही, तुलना गटांची होते, निष्कर्ष गटांचे निघतात, आणि आपला एकटीचा निकाल कळवण्याची पद्धत नाही.

तुलनेसाठी निरोगी व्यक्तीही लागतात, वयाने आणि लिंगाने जुळणाऱ्या. येथील गणेशोत्सवात ओळख झालेली माझी एक मैत्रीण माझ्याच वयाची आहे. ती तयार झाली. तिचा स्कॅन संपल्यावर आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "डोकं नुसतं भणभणतंय गं, त्या बेरजांनी दमवलं मला," आणि तिने आल्याचा चहा टाकला. चहा झाला, तिने कणीक मळली, मुलांना हाका मारल्या, आणि पोळ्या लाटता लाटता ती मला तिच्या ऑफिसातली हकिकत रंगवून सांगू लागली. मी तिच्या हातांकडे पाहत होते. तीच बेरीज, तोच दांडा, तेवढीच मिनिटे. ती दमली होती आणि तासाभरात तिची दमणूक उतरली होती. माझ्या स्कॅननंतर मी तिसऱ्या दिवशी केस धुतले होते. तिच्या आणि माझ्या मेंदूत त्या मिनिटांत काय वेगळे घडले, याचे उत्तर एवढ्या वर्षांत प्रथमच कोठेतरी एका संगणकावर साठवलेले होते.

संशोधन अजून चालू आहे. २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले, इंटरफेरॉनचा ग्राही अडवणारे अ‍ॅनिफ्रोलुमॅब हे औषध माझ्यासारखीला थकव्यासाठी कधी देतील का, असे मी विचारले तेव्हा तिने आशा दाखवली नाही आणि मोडलीही नाही. आधी थकव्याची वाट कळली पाहिजे, एवढेच ती म्हणाली. मी तिला विनंती केली की पुढच्या प्रश्नावलीत एक कोरी ओळ ठेवावी, जेथे रुग्ण आपल्या भाषेतला आपला शब्द लिहील. ती सूचना मंजूर होईल की नाही, हे तिच्या हातात नाही. पण निघताना तिने तिची वही पुढे केली, आणि मी तीत देवनागरीत दोन शब्द लिहून दिले: दमले, आणि त्याखाली, गळून गेले. तिने दोन्हींचे उच्चार विचारून शेजारी रोमनमध्ये टिपले.

दुसऱ्या फेरीच्या स्कॅनचे पत्र मार्चमध्ये आले. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी त्या तारखेभोवती वर्तुळ केले आणि पुढच्या तीन चौकटींत काहीही लिहू नये, असे घरात सर्वांना सांगून ठेवले. यजमानांनी त्या तीन चौकटींवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या.